तीनशे साठ देठ

रेश्माने फळ्यावर आधी मोजपात्र काढलं. तास इंग्रजीचा होता, पण दहावीच्या मुलांना त्याचं आता आश्चर्य वाटत नव्हतं. इंग्रजीचे सर निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं, आणि विज्ञानाच्या मॅडमच दोन्ही विषय शिकवत होत्या. प्रयोगशाळेतली भांडी त्या व्याकरणातही घेऊन यायच्या.

मोजपात्राच्या वरच्या खुणेवर तिने लिहिलं, मस्ट. मध्यावर मे. त्याच्या खाली माइट आणि कुड. तळाशी, शून्याच्या रेघेवर, कान्ट.

"जी गोष्ट आपण डोळ्यांनी बघितली नाही, तिच्याबद्दलही बोलावं लागतं," ती म्हणाली. "तेव्हा आधी आपल्याकडे पुरावा किती आहे ते बघायचं. भरपूर असेल तर मस्ट. अर्धामुर्धा असेल तर मे. थोडासाच असेल तर माइट. शक्यच नसेल तर कान्ट. पुराव्याच्या वरचा शब्द घ्यायचा नाही."

मग तिने विचारलं, आज कमळू आलेला नाही, तो कुठे असेल?

कमळू आजारी असण्याची शक्यता दोघांनी सांगितली. एकाने त्याला डोळखांबला मामाकडे पाठवलं. शेवटी वैष्णवी उभी राहिली. तिने हात वर केला की उत्तर बरोबर असणार, हे वर्गाला ठाऊक होतं.

"ही मस्ट बी इन स्कूल, मॅडम."

"पुरावा?"

"त्याची सायकल हाय ना बाहेर. कुलूप पन लावलंय. सायकल टाकून कुठं जानार तो?"

रेश्माने खिडकीतून बघितलं. आवारातल्या करंजाखाली सायकल होती आणि मागच्या चाकाला कुलूप होतं. बरोबर, असं म्हणून तिने वैष्णवीचं वाक्य फळ्यावर लिहिलं. पूर्णविराम देत होती तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

"नाय मॅडम. सायकल कालपासनं तिथंच हाय. चेन तुटली म्हनून लॉक केली न् टेम्पोत बसून गेला. आज तो हळदीला गेलाय."

वर्ग हसला. वैष्णवी ओठ चावून खाली बसली. रेश्माने डस्टर हातात घेतलं, पण लगेच पुसलं नाही.

"वाक्य बरोबर होतं," ती जरा वेळाने म्हणाली. "पुरावा कालचा होता. पुरावा कधीचा आहे, तेही बघायचं."

मग तिने वाक्य पुसलं. त्या दिवशी तिने पुढचा धडा घेतला नाही. मुलांना वाचत बसायला सांगितलं.

घर शाळेपासून चालत वीस मिनिटांवर होतं. भात झोडून झालं होतं आणि ओल धरून राहिलेल्या शेतांत वाल उगवून आले होते. पडवीत शिरताना तिचा हात सवयीने डाव्या बाजूला गेला. तिथे विपुलची सायकल उभी असे. तिच्याही मागच्या चाकाला कुलूप होतं.

विपुल तिचा धाकटा भाऊ. बारा वर्षांपूर्वी, कार्तिकातल्या एका मंगळवारी, तो ही सायकल घेऊन धसईच्या एसटी स्टँडवर गेला. भिंतीला लावून त्याने ती कुलूपबंद केली आणि मुरबाडच्या गाडीत बसला. तो मुरबाडला उतरला एवढं कंडक्टरला आठवत होतं. त्यापुढचं कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. फिटरचं काम करायचा ती कंपनी वर्षभरापूर्वी बंद पडली होती आणि त्याचं बोलणं कमी कमी होत गेलं होतं. भांडण झालं नव्हतं. कपडे नेले नव्हते. चिठ्ठी नव्हती. सायकलची किल्ली त्याच्या खिशात होती.

तिसऱ्या दिवशी रेश्मा स्टँडवर गेली, मागचं चाक उचलून धरलं आणि पुढच्या चाकावर सायकल ढकलत तीन किलोमीटर चालत घरी आली. कुलूप हातोडीने तोडू, असं सावळाराम काका म्हणाले. तिने तोडू दिलं नाही. कुलूप लावून जाणारा माणूस परत यायच्या हिशेबाने जातो, हे तिने तेव्हा पहिल्यांदा म्हटलं. नंतर आईला सांगितलं, पोलिसांना सांगितलं. आई चार वर्षांनी वारली. वडील त्याच्या आधीच गेले होते. रेश्माचं स्वतःचं लग्नाचं वय विपुलच्या शोधात गेलं असं गावात म्हणत, पण ते खरं नव्हतं. ते त्याआधीच निघून गेलं होतं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती सायकलच्या चेनला तेल द्यायची आणि दोन्ही चाकांत हवा भरायची. दोनदा टायर-ट्यूब बदलून घेतल्या होत्या. मागची बदलताना दुकानदार घरी येऊन चाक खोलून गेला होता, कुलूप तसंच ठेवून. वर्षातून एकदा ती मुरबाडला पोलीस ठाण्यात जायची. साहेब दर वेळी नवे असायचे, फोटो तोच असायचा. या वर्षीचे साहेब बोलायला मऊ होते. त्यांनी फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, मॅडम, हा फोटो आता जुना झाला, आता तो असा दिसत नसेल.

त्या संध्याकाळी सावळाराम काका आले. काकांचं घर शेजारीच, मधली भिंत एकच. तरीही ते पुढून, अंगणातून आले आणि पडवीच्या कडेला टेकले. म्हणजे बोलायला आले होते. तिने चहा ठेवला.

काकांनी सांगितलं ते सरळ होतं. त्यांच्या धाकट्या मुलीला, कुणालीला, खर्डीचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, पसंती दोन्हीकडून होती. पण मुलाच्या आजीने विचारलं, तुमच्या घरातला एक मुलगा बारा वर्षं नाही, त्याचं काही केलंय का? केलं नसेल तर त्या घरच्या मांडवात आम्ही येणार नाही. आधीचं एक स्थळही याच प्रश्नावर थांबलं होतं, ते काकांनी तेव्हा रेश्माला सांगितलं नव्हतं. मुरबाडच्या गुरुजींनी उपाय सांगितला होता. बारा वर्षं पत्ता नसेल तर पळसाच्या देठांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, तीन दिवस सुतक पाळायचं. मग घर मोकळं.

"अग्नी मी देतो," काका म्हणाले. "तुला काय करायला नको. फक्त तू हो म्हन. सख्खी भैन तू. तुझ्या तोंडातनं आलं पायजे."

"तो गेलाय असं तुम्हाला कशावरून वाटतं, काका?"

"वाटत नाय गो. वाटतंय कुनाला." काकांनी कप खाली ठेवला. "पन जिता असता तर बारा वर्सांत एक फोन नसता केला त्यानं? नंबर तोच ठेवलास ना तू?"

"तोच आहे."

"मग?"

तिने कप उचलून आत नेला. जाताना ते सायकलच्या बाजूने न जाता पायरीच्या दुसऱ्या टोकाने उतरले.

दुसऱ्या दिवशी कुणाली आली. ती मुरबाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला होती आणि कामावरून परस्पर आली होती, गळ्यातला पास तसाच होता. आत न येता ती सायकलपाशी थांबली आणि सीटवर हात ठेवून उभी राहिली.

"ताई, तू नको म्हन. मी त्यांना सांगते, जमत नाय म्हनून. फर्स्ट टाइम थोडंच मोडतंय?" ती हसली. "रेकॉर्ड होईल माझा."

रेश्माने तिला आत बोलावलं. ती आली नाही.

"हीच ना ती? हिच्यावरच शिकवली त्यानं मला. मागनं धरलंय, धरलंय म्हनायचा, न् कधीच सोडून दिलेली असायची. मी आपली चालवतेय. वळून बघितलं तर तो तिकडं लांब, हात खिशात घालून उभा."

"पडायचीस?"

"वळून बघितलं की पडायची."

मग रेश्माने विचारलं, मुलगा आवडलाय का? कुणालीने पासाची दोरी बोटाला गुंडाळली. "बरा हाय. जास्त बोलत नाय. मी बोलते, तो ऐकतो. मी गप्प झाले की विचारतो, मग पुढं काय झालं."

कुणाली गेल्यावर रेश्माने वह्या तपासायला घेतल्या. विज्ञानाच्या प्रयोगवह्या होत्या. एका मुलाने तापमानाचे आकडे न बघताच लिहिले होते, सगळे अगदी सरळ रेषेत येत होते. असं ती लगेच ओळखायची. खऱ्या मोजणीत एखादा आकडा तरी थोडा इकडे तिकडे पडतो. तिने पानावर लाल शाईने नेहमीचं वाक्य लिहिलं, जे दिसलं नाही ते लिहायचं नाही, प्रयोग पुन्हा करा. वर्षानुवर्षं ती हेच लिहीत आली होती. पेन बाजूला ठेवून ती तशीच बसून राहिली. मधल्या भिंतीपलीकडे गीताकाकी कुणालीला जेवायला हाक मारत होती आणि कुणाली भूक नाही म्हणत होती.

सकाळी शाळेत जाताना ती काकांच्या अंगणात थांबली.

"करा," ती म्हणाली.

काका आणखी काही ऐकायला थांबल्यासारखे उभे राहिले. ती शाळेच्या वाटेला लागली.

अमावस्या रविवारी होती. शनिवारी दुपारी गावातल्या कोंडूने रानातून पळसाच्या फांद्यांचा भारा आणून रेश्माच्या पडवीत टाकला. गुरुजींनी यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती, कागदावर हाताने लिहून त्याचा फोटो काढलेला. काकांनी फोन तिच्या हातात दिला. वाचायचं आणि मोजायचं काम या दोन्ही घरांत नेहमी तिच्याकडेच यायचं.

डोकं चाळीस, मान दहा, छाती तीस, पोट वीस, दोन्ही हात शंभर, दोन्ही मांड्या शंभर, पोटऱ्या तीस, पायाची बोटं वीस. खाली एकूण, तीनशे साठ.

तिने बेरीज केली. पुन्हा केली. मग गुरुजींना फोन लावला.

"गुरुजी, बेरीज तीनशे पन्नास येते."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "हां, हां. हाताची बोटं राहिली. दहा. बरं झालं विचारलंत, मॅडम. वर्षानुवर्षं करतोय, पण मोजून बघणारं आजवर कुणी भेटलं नाही."

काकांनी हे ऐकलं आणि काकीकडे बघून मान हलवली. त्या मान हलवण्यात दुःख होतं, पण थोडं कौतुकही होतं.

काकी आणि ती देठ काढायला बसल्या. पळसाची पानं तीन तीन, देठ लांब आणि बोटभर अंतरावर किंचित वाकडा. पान खुडायचं, देठ बाजूला. काकीचे हात भराभर चालत. निम्मं काम झाल्यावर तिने बाजूला पडलेल्या पानांचा ढीग बघितला आणि म्हणाली, पत्रावळींना चांगली हायेत. मग थांबली. "नको. ही नको," असं म्हणून तिने सगळी पानं पोत्यात भरली.

थोड्या वेळाने काकी हलक्या आवाजात म्हणाली, "उद्या झालं का ती सायकल पन देऊन टाक, रेश्मा. भंगारवाला येतो धसईच्या बाजाराला. बघून बघून जीव जळतो तुझा."

रेश्मा देठांच्या दहा दहाच्या जुड्या बांधत होती. पांढरा दोरा, एक गाठ, आणि प्रत्येक गटावर चिठ्ठी, डोकं, मान, छाती, जशी ती प्रयोगशाळेतल्या बाटल्यांना लावायची. डोक्याच्या चार जुड्या झाल्या. हातांच्या दहा. हात झाले तेव्हा तिने ते जमिनीवर लांब ठेवले आणि नंतर पटकन उचलून एकावर एक रचले.

शेवटी हाताची बोटं राहिली. दहा बोटं, दहा देठ. काकी चहा करायला आत गेली होती. काका अंगणात कोंडूशी लाकडांचं बोलत होते. रेश्माने दहा देठ तळहातावर घेतले. एकेक वेगळा करून बघितला. नऊ बांधले. दहावा मांडीवरच्या पुस्तकात ठेवला. सोमवारच्या तासासाठी काढून आणलेलं व्याकरणाचं पुस्तक होतं ते. तिने ते मिटलं.

काका आले. छत्तीस जुड्या टोपलीत लावलेल्या होत्या.

"बरोबर हायेत ना?"

"तीनशे साठ," रेश्मा म्हणाली.

"तू मोजलंस म्हनजे बघायला नको," काका म्हणाले आणि त्यांनी टोपली उचलली.

सकाळी माणसं नदीवर गेली. भाऊकीतले सहा-सात जण होते. बायका घरी थांबल्या. रेश्मा पडवीच्या पायरीवर बसली होती. नदी तिथून दिसत नसे, फक्त काठावरची झाडं दिसत. झाडांच्या वर एक बारीक धूर आला. बराच वेळ तो सरळ होता, मग वाऱ्याने वाकला, मग दिसेनासा झाला. लहान चितेचा धूर लवकर संपतो. देठांचं वजन किती असेल, असा विचार तिच्या मनात आला, आणि तिने हिशेब मनातच करून टाकला. दोनशे ग्रॅम, फार तर अडीचशे. विपुलचं वजन सत्तावन्न किलो होतं.

कुणाली येऊन तिच्याजवळ बसली. रडत होती आणि नाक ओढणीला पुसत होती. रेश्माने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला स्वतःला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. माणसं ओल्या कपड्यांनी परत आली. काकांनी अंगणात उभं राहून तिच्याकडे बघितलं आणि हात जोडले. पुतणीला हात जोडायची रीत नव्हती. तिने घाईने त्यांना आत जायला सांगितलं.

सोमवारी, मंगळवारी ती शाळेत गेली नाही. तीन दिवस सुतक होतं, ते तिने पाळलं. अंघोळ, वेगळं जेवण, दिवा नाही. लोक भेटायला आले. धोंडीबाई नावाची आईची जुनी मैत्रीण पल्याडच्या पाड्यावरून काठी टेकत आली आणि म्हणाली, सुटला बिचारा. रेश्माने तिला पाणी दिलं. सगळ्यांना तिने पाणी दिलं आणि सगळ्यांचं ऐकून घेतलं. तिच्या तोंडून कुणी काही वदवून घ्यायला आलं नव्हतं. चौथ्या दिवशी खर्डीहून निरोप आला. माघातली तारीख धरली.

शाळेत ती परत गेली तेव्हा मुलं एकदम उभी राहिली आणि बसा म्हणेपर्यंत शांत उभी होती. त्यांना घरून कळलं होतं. कमळू पहिल्या बाकावर होता. तिने पुस्तक उघडलं तसा देठ पानांमधून वर आला. आता तो तपकिरी पडला होता, पण वाकडेपणा तसाच होता. तिने तो मागच्या पानांत सरकवला आणि फळ्यावर मोजपात्र काढलं, मागच्याच जागी. राहिलेली उदाहरणं घेतली. वैष्णवी आता उत्तर देण्याआधी थांबायची. एका प्रश्नाला तिने मस्ट म्हटलं, मग स्वतःच मान हलवली आणि मे केलं.

"का बदललंस?" रेश्माने विचारलं.

"बघितलं नाय ना कुनी, मॅडम."

रेश्माने तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि या वेळी पूर्णविराम देऊन मगच मागे वळली.

जानेवारीतला पहिला रविवार आला. शेजारी लग्नाची गडबड सुरू झाली होती. अंगण सारवून झालं होतं, मांडवाचे बांबू येऊन पडले होते, आणि कुणाली फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होती. रेश्माने पडवीत गोणपाट अंथरलं. तेलाची डबी काढली, कोपऱ्यातला पंप काढला आणि पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली.

गीताकाकी परसातून आली. तिच्या हातात टोपलीभर वालाच्या शेंगा होत्या. रेश्माच्या हातातला पंप तिने बघितला. सायकल बघितली. मागच्या चाकाचं कुलूप बघितलं. तिचं तोंड काही बोलायला उघडलं, आणि बाहेरून कुणालीच्या हसण्याचा आवाज आला.

"शेंगा कवळ्या हायेत," काकी म्हणाली. "आजच कर." तिने टोपली पायरीवर ठेवली आणि ती निघून गेली.

रेश्माने पंपाची नळी पुढच्या चाकाला लावली. हवा भरली. मग मागच्या चाकाला. कुलपामुळे ते फिरत नसे, हवेचं तोंड खाली मडगार्डपाशी आलेलं असायचं आणि तिथे हात घालताना दरवेळी मनगट खरचटायचं. या वेळीही खरचटलं. नळी काढून तिने टायर अंगठ्याने दाबून बघितला.

थोडा मऊ लागत होता. तिने नळी पुन्हा लावली.